फोटोचा रियाज : दयानिता सिंग कुठे कुठे शिकल्या

२०१९ मध्ये जर्मनीतल्या श्टाइडल या प्रकाशनसंस्थेनं एका विद्यार्थिनीचं प्रोजेक्ट जसंच्या तसं छापलं. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, म्हणजे एनआयडीत, ऐंशीच्या दशकात शिकणाऱ्या एका मुलीनं तबलावादक झाकीर हुसेन यांच्यावर हातानं एक पुस्तक तयार केलं होतं. त्यात तिनं काढलेले फोटो होते आणि मुलाखतींमधला मजकूर स्वतःच्या अक्षरात लिहिलेला होता. त्याच कामातून १९८६ मध्ये 'झाकीर हुसेन' हे तिचं पहिलं पुस्तक छापून आलं. तेहतीस वर्षांनी पुन्हा काढायची वेळ आली तेव्हा छापील पुस्तक बाजूला राहिलं आणि त्याआधीच्या हातानं केलेल्या नमुन्याची हुबेहूब प्रत निघाली. तिचं नाव 'झाकीर हुसेन माकेट'. माकेट म्हणजे छपाईआधी करतात तो पुस्तकाचा नमुना.

ही मुलगी म्हणजे दयानिता सिंग. २०२२ मध्ये त्यांना हॅसलब्लाड पुरस्कार मिळाला. फोटोग्राफीत याहून मोठा मान फारसा नाही. लंडन, बर्लिन, व्हेनिस, दिल्ली, मुंबई इथे त्यांची कामं दाखवली गेली आहेत. इतक्या वाटचालीनंतर कलाकार आपलं कॉलेजमधलं काम काढून दाखवतो तेव्हा त्यात बहुतेक वेळा जुन्या आठवणींचं कौतुक असतं. इथे मात्र कारण वेगळं आहे असं मला वाटतं. दयानिता सिंग यांनी पुढे जे काही केलं, त्याची कच्ची आखणी त्या वहीवजा पुस्तकात आहे. ती नीट पाहिली, तर आपल्यापैकी अनेकांना पडणाऱ्या एका प्रश्नाचं थोडंफार उत्तर मिळतं: फोटोग्राफी शिकायची म्हणजे नेमकं काय शिकायचं?

हा प्रश्न आज अधिक टोचतो. उजेड, फोकस, रंग हे सगळं फोनच सांभाळतो. फोटो बिघडवणंच अवघड झालंय. मग कोर्सला पैसे भरून, तीन-चार वर्षं घालवून माणूस शिकतो तरी काय? दयानिता सिंग यांच्या बाबतीत उत्तर एका जागी सापडत नाही. त्या घरी शिकल्या, संस्थेत शिकल्या, एका उस्तादाच्या मागे फिरून शिकल्या, परदेशात शिकल्या आणि दिल्लीतल्या एका कब्रस्तानात शिकल्या. यातल्या एका ठिकाणी शिकलेलं त्यांना नंतर टाकून द्यावं लागलं. या प्रवासाचं कौतुक पुष्कळ झालंय. त्यात काय कमावलं आणि काय गमावलं याचा हिशोब मात्र कमी मांडला जातो. तो इथे मांडायचा आहे.

आईचा कॅमेरा

दयानिता सिंग यांचा जन्म १९६१चा, दिल्लीतला. चार बहिणींत त्या थोरल्या. आई नोनी सिंग यांना फोटो काढण्याचा भारी नाद. प्रत्येक प्रसंगी मुलींना उभं करायचं, कपडे ठीकठाक करायचे, कॅमेरा लावायचा, आणि तोवर सगळ्यांनी थांबायचं. लहानपणी या थांबण्याचा आपल्याला कंटाळा यायचा, असं दयानिता सिंग यांनी अनेकदा सांगितलंय. पण २०१३ मध्ये आईच्या फोटोंचं 'नोनी सिंग : द आर्काइव्हिस्ट' हे पुस्तक आलं. त्याआधी, २००८च्या 'सेंट अ लेटर' या संचातल्या सात छोट्या पुस्तकांपैकी एक आईच्याच फोटोंचं होतं.

आपल्या घरांतही असा एक माणूस असायचा. लग्नाच्या अल्बममध्ये दोन पानांच्या मध्ये बटर पेपर घालणारा, मागे पेनानं तारीख लिहिणारा, कुठला फोटो आधी आणि कुठला नंतर ते ठरवणारा. त्याला कुणी कलाकार म्हणत नसे. पण अल्बम लावणं म्हणजे निवड करणं आणि क्रम ठरवणं. कुणाचा फोटो पहिल्या पानावर जाईल, कुणाचा शेवटी कोपऱ्यात, कुठली आत्या मुळीच दिसणार नाही, हे सगळं ठरवून होतं. दयानिता सिंग यांची पुढची सगळी कारकीर्द या एका कामाभोवती फिरते. शटर दाबणं ही सुरुवात, खरं काम नंतरच्या मांडणीत, हा त्यांचा आग्रह. तो त्यांना कुठल्या वर्गात शिकवला गेला असेल तर सगळ्यात आधी या घरातल्या वर्गात.

डिझाइनची शाळा

एनआयडीही १९६१चीच. १९५८ मध्ये चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन जोडप्यानं भारत सरकारसाठी एक अहवाल लिहिला आणि त्यातून या संस्थेची कल्पना पुढे आली. त्या अहवालात साध्या लोट्याचं कौतुक आहे. लोटा हातात कसा बसतो, डोक्यावर किंवा कमरेवर कसा नेता येतो, त्यातून पाणी कसं ओतलं जातं, रिकामा आणि भरलेला असताना तोल कसा राहतो, असे प्रश्न विचारत तो अहवाल डिझाइन म्हणजे काय ते सांगतो.

लोट्याचा उल्लेख इथे उगाच नाही. दयानिता सिंग तिथे व्हिज्युअल कम्युनिकेशन शिकायला गेल्या, १९८० ते १९८६ या काळात. तिथे फोटो म्हणजे भिंतीवर टांगायची पवित्र वस्तू नव्हती. पानावर अक्षरं असतात, मोकळी जागा असते, तसा फोटोही असतो. तो कागदावर येतो, कागद घडी होतो, घडी हातात येते. फोटो हातात कसा बसेल हा प्रश्न त्यांनी तिथून उचलला आणि पुढे कधी सोडला नाही. कलामहाविद्यालयात गेल्या असत्या तर कदाचित त्या चौकटीतल्या एकेका सुंदर फोटोच्या मागे लागल्या असत्या.

झाकीर हुसेन यांची भेटही संस्थेतल्या एका असाइनमेंटमुळे झाली. एका व्यक्तीच्या वेगवेगळ्या भावमुद्रा टिपायच्या होत्या. मैफलीत फोटो काढायला गेलेल्या या मुलीला आयोजकांपैकी कुणीतरी अडवलं, ढकललं, आणि ती सगळ्यांसमोर पडली. मैफल संपल्यावर ती बाहेर थांबून राहिली आणि झाकीर हुसेन यांना म्हणाली, आज मी साधी विद्यार्थिनी आहे, पण एक दिवस मोठी फोटोग्राफर होईन, मग बघू. हा प्रसंग त्यांनी स्वतः अनेकदा सांगितलाय आणि तो सांगायला छानच आहे. पण प्रेरणादायी गोष्ट म्हणून तो तिथेच सोडून देण्यात धोका आहे. जिद्द होती म्हणून यश मिळालं, असा अर्थ लागतो आणि विषय संपतो. त्यानंतर काय झालं ते जास्त महत्त्वाचं आहे. झाकीर हुसेन यांनी तिला फोटो काढू दिले. एका असाइनमेंटचं काम अनेक हिवाळे चाललं.

कायदा आणि पलटे

हिवाळे का, तर हा भारतातल्या मैफलींचा मोसम. झाकीर हुसेन यांचं बिऱ्हाड तेव्हा अमेरिकेत होतं. हिवाळ्यात ते भारतात येत आणि गावोगाव कार्यक्रम करत. दयानिता सिंग त्या वादकांच्या ताफ्याबरोबर प्रवास करू लागल्या. पुस्तकात मंचावरचे झाकीर आहेत तसेच मंचामागचे, प्रवासातले आणि घरातलेही आहेत. ज्या हातांमुळे हा माणूस प्रसिद्ध आहे त्या हातांवरच कॅमेरा खिळून राहत नाही. वादकाच्या आयुष्यातला बराचसा वेळ वाजवण्यात जात नाही, वाट बघण्यात जातो, हे त्या विद्यार्थिनीला कळलेलं दिसतं.

झाकीर हुसेन स्वतः कसे शिकले ते सगळ्यांना माहीत आहे. मुंबईत माहीमला राहणारा सात वर्षांचा मुलगा, वडील उस्ताद अल्लारखाँ त्याला पहाटे तीनला उठवायचे, मग शिकवणी, मग मदरसा, मग मिशनची शाळा. १५ डिसेंबर २०२४ला ते गेले तेव्हा या आठवणी पुन्हा सगळ्यांच्या फोनवर फिरल्या. अशा माणसाच्या सहवासात राहून तरुण फोटोग्राफर काय शिकली, तर ती म्हणते, रियाज. झाकीर हुसेन यांना तिनं आपला पहिला गुरू मानलं.

फोटोग्राफीत रियाज म्हणजे काय, याचं सोपं उत्तर रोज फोटो काढणं असं देता येईल. मला ते अपुरं वाटतं. तबल्याकडेच पाहूया. तबल्यात कायदा असतो. ठरावीक बोलांची एक रचना. तिचे पलटे करायचे, म्हणजे तेच बोल उलटसुलट करून, मागेपुढे करून, तुकडे जोडून नवी वाक्यं तयार करायची. अट एकच, कायद्याबाहेरचा बोल आत आणायचा नाही. विद्यार्थी महिनोन्महिने एकाच कायद्यावर घालवतो. नवीन सामान मिळत नाही, असलेल्या सामानातून नवीन काढावं लागतं.

आता दयानिता सिंग यांची नंतरची कामं पाहा. १९८०-९०च्या दशकांत काढलेला फोटो २००७च्या पुस्तकात येतो, तोच पुढे दुसऱ्या पुस्तकात वेगळ्या फोटोशेजारी येतो, मग लाकडी चौकटीत, मग सुटकेसमध्ये. शेजार बदलला की फोटोचा अर्थ बदलतो. 'म्युझियम ऑफ चान्स' या पुस्तकात ८८ फोटो आहेत आणि मुखपृष्ठही एक नाही, त्यातलेच वेगवेगळे फोटो वेगवेगळ्या प्रतींवर आहेत. अनेक समीक्षक याला संग्रहाची कला म्हणतात. मला यात कायदा-पलट्याचा हिशोब दिसतो. बोल तेच, नवीन बोल बाहेरून आणायची घाई नाही. झाकीर हुसेन यांच्या बसमध्ये ही बाई हेच शिकली असणार, मग तिनं त्याला हे नाव दिलं असो वा नसो.

टाकून दिलेलं शिक्षण

एनआयडीनंतर, १९८७-८८ मध्ये, त्या न्यूयॉर्कच्या इंटरनॅशनल सेंटर ऑफ फोटोग्राफीत गेल्या. विषय होता फोटोजर्नालिझम आणि डॉक्युमेंटरी फोटोग्राफी. परत आल्यावर परदेशी वृत्तपत्रं-मासिकांसाठी काम सुरू झालं. भारतातून काय हवंय याबद्दल त्या संपादकांच्या मनात पक्की यादी होती. देहविक्रय करणाऱ्या स्त्रिया, एड्स, बालमजूर, गरिबी. नाहीतर मग राजेरजवाड्यांचा रंगीबेरंगी भारत.

ही भाषा शिकणं म्हणजे एका प्रकारे यशस्वी होणं होतं. पैसे मिळत होते, नाव होत होतं. पण या भाषेचं व्याकरण कडक असतं. फोटो एका नजरेत कळला पाहिजे. त्यात पीडित कोण ते स्पष्ट दिसलं पाहिजे. वाचकाला हळहळ वाटली पाहिजे, आणि ती वाटून झाल्यावर पान उलटता आलं पाहिजे. फोटोतल्या माणसाचं पुढे काय झालं हा प्रश्न त्या पानाच्या कक्षेबाहेरचा.

काही वर्षांनी दयानिता सिंग यांनी हे काम सोडलं. नंतर त्यांनी स्वतःच्या वर्गाकडे, दिल्ली-मुंबई-कोलकात्यातल्या सुखवस्तू कुटुंबांकडे कॅमेरा वळवला. ती मालिका २००३ मध्ये 'प्रायव्हसी' या पुस्तकात आली. मोठे दिवाणखाने, जड पडदे, भिंतीवर पूर्वजांच्या तसबिरी, सोफ्यावर सावरून बसलेली माणसं. परदेशी संपादकाच्या यादीत ही माणसं नव्हती. या फोटोंमध्ये एक गंमत आहे. ही माणसं कॅमेऱ्याला घाबरत नाहीत, त्यांना कुणीतरी आपल्याकडे बघावं याची सवय आहे, पण घरातल्या वस्तू त्यांच्यापेक्षा जास्त ठामपणे बसलेल्या दिसतात. पुढे दयानिता सिंग रिकाम्या खोल्यांचे आणि खुर्च्यांचे फोटो काढू लागल्या त्याचं बीज इथे आहे.

मोनानं परत मागितलेला रोल

पण ती यादी सोडायला भाग पाडणारी घटना त्याआधीची, १९८९ची. लंडनच्या 'टाइम्स' वृत्तपत्रासाठी हिजडा समाजावर काम करायला त्या गेल्या आणि मोना अहमद भेटल्या. मोनानं मोकळेपणानं फोटो काढू दिले. हे फोटो लंडनमध्ये छापून येणार हे कळल्यावर मात्र तिनं रोल परत मागितला. तिचे नातेवाईक तिथे होते, त्यांना हे कळायला नको होतं. दयानिता सिंग यांनी रोल काढून तिच्या हातात दिला. असाइनमेंट गेली. मैत्री राहिली, ती २०१७ मध्ये मोना जाईपर्यंत.

माझ्या मते या सगळ्या शिक्षणातला हा सर्वांत मोठा धडा आहे. आणि तो फोटो न काढण्याचाही नाही, काढलेला फोटो परत करण्याचा आहे. फिल्मच्या काळात रोल देऊन टाकणं म्हणजे खरंच देऊन टाकणं होतं. कॉपी नाही, क्लाउड नाही, ड्राइव्हवर गुपचूप राहिलेली फाइल नाही. आज आपण 'डिलीट करते हं' म्हणतो तेव्हा समोरच्याला आपल्या शब्दावर विश्वास ठेवण्यावाचून काही उपाय नसतो.

तो परत केलेला रोल नसता तर २००१चं 'मायसेल्फ मोना अहमद' झालं नसतं. मोनानं मुलगी दत्तक घेतली, तिचे वाढदिवस थाटात केले, मग ती मुलगी तिच्यापासून दुरावली, मोना आपल्या समाजातून बाहेर पडली आणि कब्रस्तानात राहू लागली. हे सगळं पुस्तकात आहे. पण त्यातला मजकूर दयानिता सिंग यांचा नाही. मोनानं प्रकाशकाला पाठवलेल्या ई-मेल्स आहेत. ती तक्रार करते, बढाया मारते, विनोद करते, स्वतःबद्दलच्या गोष्टी रंगवून सांगते. नावातही 'मायसेल्फ' आहे. फोटोतल्या माणसाला पुस्तकात नुसती जागा मिळालेली नाही, तिला शेवटचा शब्द मिळालाय. वृत्तपत्रात मोना पाच-सहा फोटोंत आणि दोन ओळींच्या ओळखीत संपली असती. इथे वाचकाला तिच्याशी भांडताही येतं.

फोटोजर्नालिझमचं ते व्याकरण मोडलं ते इथे. मुख्य म्हणजे ते एखादं पुस्तक वाचून किंवा एखाद्या शिक्षकाच्या सांगण्यावरून मोडलं नाही. ज्या व्यक्तीचा फोटो काढायचा होता तिनंच नाही म्हटलं, आणि फोटोग्राफरनं ते ऐकलं.

रुमाल, पोथी, सुटकेस

२००७चं 'गो अवे क्लोजर' हे पुस्तक हातात घेतलं की पहिल्यांदा अडखळायला होतं. त्यात शब्दच नाहीत. ठिकाण, वर्ष, नाव, काही नाही. अंथरुणावर पालथी पडलेली शाळकरी मुलगी, रिकाम्या खोल्या, वस्तू. एक फोटो दुसऱ्याकडे बोट दाखवतो आणि तिसरा ते बोट खोडून टाकतो. आपण कथा रचायला लागतो, ती टिकत नाही, पुन्हा मागे जातो.

'सेंट अ लेटर'मधली पुस्तकं पेटीच्या भात्यासारखी उलगडतात. प्रवासात मित्रासाठी केलेली पुस्तकं, एक प्रत मित्राला, एक स्वतःच्या स्वयंपाकघरातल्या कपाटात, अशी त्यांची मूळ कल्पना. अलाहाबाद, मुंबई, कोलकाता, वाराणसी अशी गावं. पूर्ण उलगडून टेबलावर उभं केलं की पुस्तकाचं छोटं प्रदर्शन होतं. कोलकात्याच्या पार्क स्ट्रीटवर एका सराफाच्या दुकानाच्या काचेत हा संच मांडला गेला होता. रस्त्यानं जाणाऱ्याला तिकीट काढावं लागत नव्हतं. पुढे 'म्युझियम भवन' झालं. सागवानी घडीच्या चौकटी, त्यात फोटो, हवे तसे बदलता येतील असे. कलाकारच क्युरेटर, प्रदर्शन चालू असतानाही क्रम बदलू शकणारी. मुंबईत २०१६ मध्ये डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात त्यांनी सुटकेसमध्ये मावणारं संग्रहालय दाखवलं. राणीच्या बागेतलं ते जुनं संग्रहालय, काचेची कपाटं, मातीच्या प्रतिकृती, आणि त्यात उचलून नेता येणारं दुसरं संग्रहालय.

मराठी वाचकाला सगळ्यात जवळचं वाटेल ते २०१३चं 'फाइल रूम'. सरकारी आणि खासगी दफ्तरखाने, छतापर्यंत गेलेली रॅक, दोरीनं बांधलेले गठ्ठे, आणि त्यांच्यामध्ये बसलेली सांभाळणारी माणसं. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तरातले कागद कापडात बांधून ठेवतात, त्या गाठोड्याला रुमाल म्हणतात. इतिहास संशोधक रुमालाच्या क्रमांकानं बोलतात. 'फाइल रूम' बघताना हा शब्द सारखा मनात येतो. कागद कुणाच्या तरी हातानं बांधला गेलाय, गाठ कुणीतरी मारलीय, आणि कुठला गठ्ठा कुठे आहे हे फक्त त्या माणसाला माहीत आहे. गठ्ठ्यांच्या ढिगात ती माणसं हरवलेली दिसत नाहीत, ती तिथली मालक दिसतात. नंतरच्या एका कामाचं नाव तर 'पोथी बॉक्स'च आहे. लाकडी पेटीत ३० सुटी फोटोपत्रं, पोथीच्या सुट्या पानांसारखी. आजचं पान वर ठेवायचं, बाकीची खाली. आपल्या आजी-आजोबांनी चातुर्मासात ज्या रीतीनं पोथी वाचली तीच रीत.

आईचा अल्बम, संस्थेतला लोटा, उस्तादाचा कायदा, मोनाची संमती, हे चारही इथे एकत्र दिसतात. कलाकाराला आपली भाषा सापडली असं आपण सहज म्हणतो. इथे ती सापडण्याचा एकच क्षण दाखवता येत नाही. ती वीस-पंचवीस वर्षं जमत गेली.

हिशोबाची दुसरी बाजू

आता आक्षेप. पहिला पैशाचा. पुस्तक हीच कलाकृती, ती सगळ्यांपर्यंत जाते, कलादालनाच्या भिंतीपेक्षा ती लोकशाहीवादी आहे, असा दयानिता सिंग यांचा दावा. तत्त्व पटतं. पण श्टाइडलच्या छपाईचं पुस्तक नांदेड किंवा रत्नागिरीच्या फोटोग्राफी शिकणाऱ्या मुलाच्या हातात पडत नाही. त्याला ते इन्स्टाग्रामवर दिसतं, कुणाच्या तरी हातात उलगडताना. हातात घेतल्याशिवाय न कळणारं काम बहुतेकांनी हातात न घेताच बघायचं, ही यातली अडचण आहे.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर. मोनाच्या पुस्तकात शब्द होते आणि ते तिचे होते. नंतरच्या पुस्तकांतून शब्द गेले. कवितेच्या जवळ जाणारी मोकळीक त्यातून मिळाली हे खरं, पण नाव-गाव पुसलं की फोटोतल्या माणसाचा पत्ताही पुसला जातो. तो माणूस मांडणीतला एक बोल होतो. ज्या मोनामुळे या फोटोग्राफरला कळलं की फोटोतल्या व्यक्तीचा फोटोवर हक्क असतो, तिचेच फोटो पुढे इतर मांडण्यांत येतात तेव्हा तिचं बोलणं सोबत येत नाही. हे मला खटकतं. सौंदर्यासाठी दिलेली ही किंमत आहे, आणि ती कलाकारानं एकटीनं दिलेली नाही.

तिसरी गोष्ट आक्षेप नाही, सावधगिरी आहे. फोटोजर्नालिझम सोडून कलेकडे जाणं म्हणजे खालच्या इयत्तेतून वरच्या इयत्तेत जाणं, असा अर्थ या प्रवासातून कुणी काढू नये. अकोल्याहून आलेल्या सुधारक ओलवे यांनी मुंबईत वृत्तपत्र छायाचित्रकार म्हणून काम करता करता महापालिकेच्या सफाई कामगारांचे वर्षानुवर्षं फोटो काढले. गटारात उतरलेली, कचऱ्यात उभी असलेली माणसं, आणि त्यांची घरंही. त्यांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांनी ती भाषा सोडली नाही, तिच्यातच राहून तिला लांब पल्ल्याची केली. तिथे पत्ता पुसून चालत नाही, कारण हा कामगार कुणाच्या पगारपत्रकावर आहे आणि कुणी त्याला हातमोजे दिले नाहीत, हाच मुद्दा आहे. एका वाटेवर माणूस रहस्यमय होतो, दुसऱ्या वाटेवर तो हक्कदार होतो. कुठल्या विषयाला कुठली वाट लागते हे कळणं हाही शिक्षणाचाच भाग.

आणि दयानिता सिंग यांची घरची परिस्थिती अशी होती की एनआयडी, न्यूयॉर्क, आणि मग चालू काम सोडून देणं, हे तिन्ही शक्य झालं. असाइनमेंट परत करणं हा नैतिक धडा सगळ्यांसाठी सारखा आहे, पण तो गिरवायचा खर्च प्रत्येकाला वेगळा येतो.

आपल्या हातात काय राहतं

एवढं सगळं म्हणूनही त्या विद्यार्थिनीच्या वहीकडे मी पुन्हा वळते, कारण ती करायला फार थोडं लागलं होतं. एक माणूस, काही वर्षं, कागद आणि पेन. त्यातलं सगळ्यात महाग काय असेल तर ती काही वर्षं. आजच्या फोटोग्राफीच्या शिक्षणात नेमकी त्यांचीच टंचाई आहे. तीन महिन्यांचे कोर्स आहेत, तीस सेकंदांच्या टिप्स आहेत. एकाच माणसाकडे सहा-सात वर्षं परत परत जायला सांगणारा अभ्यासक्रम मला तरी माहीत नाही.

हॅसलब्लाड कॅमेऱ्यात एका रोलवर १२ चौकोनी फोटो येतात. त्यांची एकत्र छापलेली पट्टी, म्हणजे कॉन्टॅक्ट शीट, समोर ठेवून दयानिता सिंग निवड करत आल्या. फोनमधल्या हजारो फोटोंमधूनही असे १२ काढता येतील. एकाच माणसाचे किंवा एकाच जागेचे. ते छापून आणायचे, कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे साध्या कागदावरसुद्धा चालतील. जमिनीवर पसरायचे आणि क्रम लावायचा. मग मोडायचा आणि पुन्हा लावायचा. नवीन फोटो काढायचा नाही, कायद्याबाहेरचा बोल नको. चार-पाच वेळा केलं की कुठला फोटो फक्त देखणा आहे आणि कुठला शेजाऱ्याशी बोलतो ते कळायला लागतं. त्यात एखादा फोटो असा निघेल की ज्याचा आहे त्याला तो तिथे नको असेल. त्याला आधी विचारावं लागेल, आणि तो नाही म्हणाला तर उरलेल्या अकरांचा क्रम पुन्हा लावावा लागेल.